शेततळ्याच्या बांधावर बसलेला माईक

मित्रांनो, मी आहे एक जुना माईक, बारामतीच्या एका लहानशा वाहिनीचा. टीव्हीवर बातमीदार बोलतात तेव्हा त्यांच्या हातात एक काळं दांडकं असतं आणि त्याच्या गळ्याशी वाहिनीचं नाव लिहिलेली चौकोनी डबी असते, तोच मी. माझ्या डबीवर निळ्या अक्षरांत 'पाटकाठ वाहिनी' असं लिहिलेलं होतं. तुम्ही मला पाहिलं असेल, पण तुमचं लक्ष माझ्याकडे गेलं नसेल. ते बरोबरच आहे. बोलणाऱ्याकडे पाहावं, माईककडे कशाला पाहायचं?

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता येणार नाही. एवढंच आठवतं, की कुणीतरी माझ्यासमोर तीनदा 'हॅलो' म्हटलं, माझ्या पोटातली पातळ चकती थरथरली आणि मला कळलं, आपल्याला ऐकू येतं. पुढे बरेच दिवस मी खोक्यात होतो. मग पुण्याच्या एका दुकानातून हिंदुरावांनी मला विकत घेतलं आणि एसटीत मांडीवर ठेवून बारामतीला आणलं. हिंदुराव म्हणजे आमच्या वाहिनीचे मालक, संपादक आणि सुरुवातीची काही वर्षं बातम्या सांगणारेही तेच. खतांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आमची वाहिनी चालते. त्यामुळे आमच्या स्टुडिओला औषध फवारल्यासारखा वास कायमचा.

मी पुष्कळ हिंडलो. भिगवणला मासळीचा लिलाव ऐकला आणि आठवडाभर माझ्या अंगाचा वास गेला नाही. कुस्तीच्या फडात धूळ खाल्ली. इंदापूरच्या डाळिंबबागांत, सांगवीच्या ग्रामसभेत, शाळांच्या स्नेहसंमेलनांत गेलो. लोक माझ्यासमोर आले की आधी घसा खाकरत, केस सारखे करत, टोपी मागवून घेत. "आमच्या गावात तुमचा माईक आला म्हणजे काम झालंच समजा," असं म्हणणारी म्हातारी माणसंही भेटली. तेव्हा मला फार बरं वाटायचं. काम होत होतं की नाही, ते मात्र मला कळायचं नाही. आम्ही बातमी घ्यायचो आणि पुढच्या गावाला जायचो.

मला सगळ्यांत जास्त काय ऐकावं लागलं ते सांगू? नावं. आमच्या वाहिनीची एक पद्धत होती. उद्घाटन असो की सत्कार, उपस्थितांची नावं बातमीदाराने तिथंच, कार्यक्रम चालू असताना, माझ्यात वाचायची. म्हणजे मागे माणसं दिसतात आणि प्रत्येकाला आपलं नाव ऐकू येतं. कधी वीस नावं, कधी चाळीस. हिंदुराव नव्या माणसाला पहिल्या दिवशी एकच धडा देत, "बातमी चुकली तर लोक हसतात. नाव चुकलं तर ऑफिसात येतात."

गेल्या वर्षी आमच्याकडे निकिता आली.

ती सांगवीची सून. लग्नानंतर तिने पत्रकारितेचा अभ्यासक्रम पुरा केला होता आणि त्यासाठी दोन महिने कुठंतरी इंटर्न म्हणून काम करणं भाग होतं. घरी साडेतीन वर्षांची छकुली होती. निकिता मला हातात घ्यायची तेव्हा तिचा तळवा घामाने ओला असायचा. ऑफिसातून निघताना, पोचल्यावर, परत निघताना ती घरी सासूबाईंना फोन करायची. "आई, दाराला कडी लावलीय ना? गरम पाण्याची बादली खाली नाही ना ठेवली?"

आमचा कॅमेरामन सोपान तिला चिडवायचा. "निकिताताई, तुमी बातमी गोळा करता का धोकं?"

"सोपानदादा, तुम्हाला लेकरं आहेत ना?"

"तीन हायेत. आन् तिन्ही आपापली वाढली."

"आपापली नाही, वहिनींनी वाढवली," असं ती म्हणायची, आणि सोपान हसत कॅमेरा खांद्यावर घ्यायचा.

पण तिचं ते बघणं मला आवडायचं. आम्ही कुठंही गेलो, की आमच्या आधी तिची नजर खोलीभर फिरून यायची. लोंबती वायर, उघडी गटार, कठडा नसलेला जिना. माणसांचे चेहरे तिला त्यानंतर दिसायचे.

एका सकाळी आम्ही भिगवणच्या पुढे गेलो. डाळजच्या अलीकडे हायवे सोडून आत वळलं की एक वस्ती लागते. तिथं नव्या अंगणवाडीचं उद्घाटन होतं. जागा दिली होती अप्पांनी. अप्पा म्हणजे तिथले मोठे बागायतदार, बासष्ट-त्रेसष्ट वर्षांचे, पांढरे शुभ्र कपडे, आवाज असा की त्यांना माझी गरजच नाही. इमारत छान होती. भिंतींवर मोर, ससे, आकडे. आणि इमारतीपासून वीस पावलांवर अप्पांचं शेततळं.

मित्रांनो, शेततळं तुम्ही पाहिलं असेल. मोठा चौकोनी खड्डा, आत काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला आणि काठोकाठ पाणी. उन्हाळ्यात बागा जगतात त्या त्याच पाण्यावर. पण तो कागद फार निसरडा असतो. आत घसरलेल्या माणसाला धरायला काही नसतं, पाय रोवायला जागा नसते. चांगला पोहणारासुद्धा बाहेर येताना दमतो. त्या तळ्याला ना जाळी होती, ना कुंपण.

निकिताने ते आल्याआल्या पाहिलं. मला धरलेली तिची बोटं आवळली गेली.

कार्यक्रम सुरू झाला. फीत कापली, नारळ फुटला, मुलांना बुंदीचे लाडू वाटले. निकिता नावांचा कागद घेऊन कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. एकतीस नावं होती. ती ओळीवर बोट ठेवून वाचत होती. अकरावं नाव झालं आणि ती थांबली.

एक चार वर्षांचा मुलगा शेततळ्याच्या बांधावर चढत होता. त्याचे हात लाडवाने चिकट झाले होते आणि ते त्याला धुवायचे होते. एवढंच.

निकिताने मला सोडून दिलं. मी फरशीवर पडलो, माझ्या तोंडावरच्या जाळीला पोचा आला. खाली पडल्या पडल्या मी तिची पळणारी पावलं ऐकली. मुलगा वाकला होता, एक हात पाण्याकडे गेला होता, तेवढ्यात तिने मागून त्याचा सदरा धरला. तो रडायला लागला. टाळ्यांच्या आवाजात त्याचं रडणं कुणाला ऐकू गेलं नाही. मंडपात तेव्हा शाल घातली जात होती.

तिने त्याला अंगणवाडीच्या रश्मीताईंकडे नेऊन दिलं. रश्मीताई हलक्या आवाजात म्हणाल्या, "मी दोनदा सांगितलंय हो. पण जागाच त्यांनी दिलेली. जास्त कसं बोलायचं?"

निकिता परत आली, मला उचललं, कागद उचलला आणि पुढे वाचू लागली. तिचा श्वास माझ्यात धपापत होता. बोट ठेवलेली ओळ मात्र सुटली होती. अकराव्या नावानंतर तिने तेरावं वाचलं. बारावं नाव होतं, 'जागेचे दाते ज्ञानदेव ऊर्फ अप्पा'.

परतीच्या वाटेवर तिने हिंदुरावांना फोन केला. "सर, तिथं शेततळं उघडं आहे. एक मुलगा आज पडला असता."

"पडला का?"

"नाही, पण..."

"मग बातमी काय? उद्घाटनाची बातमी उद्घाटनासारखी द्यायची. त्यांच्या पंगतीला जेवलीस ना तू?"

तिने फोन ठेवला. मी मात्र विचार करत राहिलो. म्हणजे तो मुलगा पाण्यात गेला असता, तर आम्ही सगळे दुसऱ्या दिवशी तिथं असतो. मीसुद्धा. त्याच्या आईच्या तोंडासमोर मला धरलं असतं. असं मी पूर्वी केलेलं आहे, मित्रांनो. ते आवाज माझ्या पोटातून अजून गेलेले नाहीत.

संध्याकाळी बातमी लागली. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी अप्पा ऑफिसात हजर.

"हिंदुराव, जागा कुणाची?"

"तुमची, अप्पा."

"रस्ता कुणी दिला?"

"तुम्हीच."

"मंग टीव्हीवर मांडववाल्याच्या मेव्हन्याचं नाव येतं आन् माजं येत न्हाय? माजी नात संस्कृती टीव्हीफुडं बसलीवती. समदी नावं संपल्यावर मला म्हनती, आबा, तुमचं नाव कुठं हाय? काय सांगू मी तिला?"

हे शेवटचं ते जरा खाली आवाज करून बोलले. त्यांना खरंच लागलं होतं.

हिंदुरावांनी निकिताकडे पाहिलं. तिच्या दोन महिन्यांतले शेवटचे काही दिवस उरले होते आणि प्रमाणपत्रावर सही हिंदुरावांची लागणार होती. ती म्हणाली, "अप्पा, चूक माझी आहे. वाचताना ओळ सुटली." का सुटली, ते तिने सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडलं होतं, पण हिंदुरावांनी हात वर केला.

"अप्पा, तुमची वेगळी मुलाखत घेऊ. तुमच्याच मळ्यात. एक शब्द न कापता लावतो. हा माझा शब्द."

अप्पांचा राग उतरला. "मंग शेततळ्यापाशी घ्या. मागं पानी चांगलं दिसतं."

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. अप्पांनी नवा फेटा बांधला होता. वस्तीवरची दहा-पंधरा माणसं बघायला जमली. मी त्यांच्या तोंडासमोर गेलो. जागा का दिली, मुलांविषयी काय वाटतं, सगळं ते छान बोलले. मग निकिताने विचारलं, "अप्पा, हे शेततळं केवढं आहे?"

"एक कोटी लिटर. ह्या शिवारात येवडं कुनाचंच न्हाय."

"खोल किती?"

"पुरुषावर पुरुष हुबा ऱ्हायला तरी हात वर दिसायचा न्हाय."

"आणि अंगणवाडीतली मुलं केवढी?"

अप्पा हसत होते, ते थांबले. माझ्या पोटातल्या चकतीला त्या वेळी फक्त वारा ऐकू येत होता.

"उद्घाटनाच्या दिवशी एक मुलगा हात धुवायला या बांधावर चढला होता, अप्पा. मी त्याला धरायला पळाले. याला जाळी कधी बसेल?"

तिने 'का नाही बसवली' असं विचारलं नाही. ते तिने विचारलं असतं, तर अप्पा भांडले असते. 'कधी' या प्रश्नाशी कसं भांडणार? त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"सोमवारी," ते म्हणाले. "येत्या सोमवारी. लिहून घ्या."

कॅमेरा बंद झाल्यावर ते निकिताला म्हणाले, "लई हुशार हाईस गं तू. सासर कुठलं तुजं?"

"सांगवी."

"तरीच," अप्पा म्हणाले. ते कौतुक होतं की टोमणा, ते मला आजही कळलेलं नाही.

हिंदुराव ती मुलाखत पाहताना कपाळावर हात मारून बसले होते. पण शब्द दिला होता. एकही शब्द न कापता ती लागली. चार दिवस लोकांनी आमचं नाव काढलं. चहाच्या टपरीवर सोपानला कुणीतरी म्हणालं, तुमच्या पोरीने अप्पांना बरोबर पकडलं. शनिवारी निकिताचे दोन महिने संपले. पेढे झाले, प्रमाणपत्र मिळालं, आणि मला वाटलं, गोष्ट इथंच संपली. आमच्या सगळ्या गोष्टी इथंच संपायच्या.

मंगळवारी सकाळी निकिता पुन्हा ऑफिसच्या दारात उभी होती.

"सर, मी रश्मीताईंना फोन केला होता. जाळी नाही बसली."

"बाई, तू आता इंटर्न नाहीस."

"माहितीये. सोपानदादांना दोन तास पाठवता का?"

"सोपान एका वाढदिवसाचं शूटिंग करायला गेलाय. कॅमेरा तिकडंच."

तिने कपाटाकडे पाहिलं. मग म्हणाली, "मग माईक द्या."

"नुसता माईक? कॅमेरा नसताना? त्याचं काय करणार, हळदीकुंकू?" हिंदुराव हसले. पण तेव्हा ऑफिसात नवे बिनवायरचे माईक येऊन पडले होते, माझी कुणाला गरज नव्हती. त्यांनी कपाटातून मला काढलं आणि तिच्या हातात दिलं. देताना हसणं थांबवून म्हणाले, "जपून जा. आणि भांडू नकोस."

मित्रांनो, माझी वायर कॅमेऱ्यात जाते. कॅमेरा नसेल तर मी म्हणजे खरोखरच एक दांडकं. माझ्यात कुणी काहीही बोललं तरी ते कुठंही जात नाही. निकिताने वायरचं टोक आपल्या पर्समध्ये घातलं, चेन लावली आणि स्कूटी सुरू केली. हायवेच्या त्या ट्रकांमधून ती इतकी हळू जात होती, की सायकलवाला पुढे गेला.

अप्पा शेडमध्ये बाजेवर बसले होते. निकिताने मला हातात धरलं आणि म्हणाली, "आज मंगळवार आहे, अप्पा."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "मानसं मिळंनात गं. डाळिंबाचा तोडा चालू हाय. बगू आटवड्याभरात."

"बरं. मी बसते."

"कुठं बसतीस?"

ती अंगणवाडी आणि शेततळं यांच्या मधोमध, बांधावर जाऊन बसली. पाण्याकडे पाठ, मुलांकडे तोंड. मी तिच्या मांडीवर. वर्गातून मुलांच्या गाण्यांचा आवाज येत होता. तिने घरी फोन केला, छकुली जेवली का विचारलं, आणि पुन्हा बसून राहिली.

अप्पा शेडच्या दारात आले. "ते चालू हाय का काय? लाईव्ह हाय?"

"मी फक्त बसले आहे, अप्पा."

अर्धा तास गेला. वस्तीवरच्या दोन बाया येऊन तिच्याशेजारी बसल्या. मग आणखी एक आली, तिच्या कडेवर लेकरू होतं. ऊन चढत होतं. अप्पा बाजेवरून उठले, बसले, पुन्हा उठले. मग त्यांचा तो मोठा आवाज घुमला, "आरं ए, तोडा ऱ्हाऊ द्या जरा! शेडमदलं जाळीचं बंडल काडा भाईर!"

जाळी शेडमध्येच होती. खांबही होते. दोन वर्षांपूर्वी आणून ठेवलेले. त्यांच्यावर कोंबड्यांनी घर केलं होतं.

खड्डे खणायला सुरुवात झाली. दुपारी मुलं घरी गेली तरी निकिता उठली नाही. रश्मीताईंनी तिला भाकरी आणून दिली. ऊन कललं तोवर तीन बाजू झाल्या, मग चौथी. शेवटी अप्पांनी स्वतः एक जाड दोरी आणली, तिला ट्रॅक्टरची ट्यूब बांधली आणि दोरी खांबाला अडकवली. "समजा जाळीवरनं बी कुनी गेलंच," ते कुणाकडे न बघता म्हणाले.

निकिता उठली. तिचे पाय आखडले होते. तिने पर्स उघडून वायरचं टोक बाहेर काढलं आणि त्यांना दाखवलं. तिला ते मनात ठेवून जायचं नव्हतं. "अप्पा, ही वायर कशालाच जोडलेली नव्हती. यात काहीच गेलं नाही."

अप्पा जाळीची शेवटची गाठ आवळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"दिसलं मला. दुपारी तू पर्स उगडलीस तवाच वायरीचं मोकळं टोक दिसलं."

"मग?"

"मंग काय मंग? तवर धा खांब लावून झालं व्हतं." त्यांनी गाठ ओढून पाहिली. "आन् तू उन्हात बसलीवतीस की. कुनाच्या लेकरासाटी? ना तुज्या, ना माज्या."

निकिताला रडू आलं. तिने मला तोंडासमोर धरलं आणि माझ्या आडून डोळे पुसले.

ही बातमी कुठंच लागली नाही. हिंदुराव म्हणाले, जाळी बसली यात बातमी काय आहे, आणि या वेळी ते हसत नव्हते, नुसते खिडकीबाहेर बघत होते. माझी डबी काढून त्यांनी नव्या माईकला लावली. माझ्या जाळीआतला स्पंज आता झडतो. मी कपाटात असतो, जुन्या कॅसेटी आणि तुटलेल्या स्टँडच्या सोबतीला. कधी कधी वाटतं, अकरा वर्षांत माझ्यातून लाखो शब्द गेले, पण मी कामाचा ठरलो तो एकाच दिवशी, आणि त्या दिवशी माझ्यातून एक शब्दही गेला नाही. याचं वाईट वाटावं की बरं, ते मी अजून ठरवतो आहे.

तुम्ही मला सांभाळा असं मी म्हणणार नाही. माझं आता फार काही उरलेलं नाही. पण मित्रांनो, तुमच्या गावात एखादी विहीर उघडी असेल, शाळेच्या कोपऱ्यात एखादी वायर लोंबत असेल, तर मोठ्यांना 'कधी' असं विचारा. त्यांनी वार सांगितला, की तो लक्षात ठेवा. तो वार उलटून गेला, तर घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घेऊन पुन्हा त्यांच्याकडे जा आणि जरा वेळ बसा. हातात काही नसलं तरी चालतं.